नकलेच्या टेबलावर

सरकारी कचेरीतलं काम कंटाळवाणं असतं, असं कोणी म्हणालं की मी वाद घालत नाही. असतंच. त्यातही अभिलेख कक्ष आणि नक्कल शाखा नव्या माणसाला शिक्षाच वाटते. निवडणूक शाखेत धावपळ असते, पुरवठ्यात गर्दी असते, गौण खनिजात भांडणं असतात. नकलेच्या टेबलावर यातलं काहीच नाही. अर्ज येतो. त्यावर कोर्ट फीचं तिकीट आहे का ते बघायचं, नोंदवहीत चढवायचा, रॅकवरून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उतरवायचा, गाठ सोडायची, पान शोधायचं, नक्कल करायची, ताडून बघायची, ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सहीला ठेवायची, रुमाल पुन्हा बांधायचा. मग दुसरा अर्ज. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला, आणि त्यातला मोठा भाग याच कामात.

हल्ली स्पर्धा परीक्षा देऊन लागणाऱ्या मुलामुलींत इंजिनिअर असतात, एमएस्सी झालेले असतात. पदनामंही बदलली आहेत. लिपिकाचा महसूल सहायक झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. गावाच्या तोंडी मात्र अजून तलाठी भाऊसाहेबच आहेत. ही मुलं हुशार असतात आणि दोन-तीन महिन्यांत हमखास विचारतात, “मॅडम, तुम्ही इतकी वर्षं हे कसं केलंत?” त्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त असते. काळजी त्यांना स्वतःची वाटत असते.

यावर कचेरीत मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. खात्याची परीक्षा द्या आणि वर सरका. संध्याकाळी एखादा छंद लावून घ्या. महिन्याच्या शेवटी पगार होतो ना, तो बघा. आणि सगळ्यात भारदस्त उत्तर म्हणजे, लोकांची सेवा समजून करा. यातलं एकही उत्तर खोटं नाही. पण बढती सेवाज्येष्ठतेच्या यादीत अडकते, आणि मिळाली तरी टेबल बदलतं, कामाचा स्वभाव बदलत नाही. छंद साडेसहानंतरचा, सकाळी पावणेदहापासूनच्या वेळेचं काय करायचं ते तो सांगत नाही. पगाराची सवय होते. सेवेचं समाधान खरं असतं, पण ते समोरच्याच्या चेहऱ्यावर अवलंबून. भर पावसात, वरंध्याच्या बाजूच्या किंवा पानशेतच्या आतल्या गावातून निघून, दोन एसट्या बदलून आलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच असतं. त्या दिवशी सेवेचं समाधान कुठून आणायचं?

मला उत्तर मिळालं ते आमच्या एका अव्वल कारकुनांकडून. त्यांनी ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं, कामाची शिस्त म्हणून दिलं होतं. मी लागले तेव्हा बऱ्याच नकला हातानेच उतरवून द्याव्या लागत. माझं अक्षर बरं, हातही भराभर चाले. एकदा त्यांनी माझ्यापुढचा कागद बाजूला केला आणि विचारलं, “मॅडम, हा फेरफार कशाचा आहे?” मी क्रमांक सांगितला. “क्रमांक मला दिसतोय. झालंय काय यात?” मला सांगता येईना. अख्खं पान उतरवलं होतं, वाचलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “आधी वाचा, मग उतरवा. चुका कमी होतील.”

चुका कमी झाल्याच. पण खरा फरक दुसरीकडे पडला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. कोण वारलं, कोणी विकलं, कोणी गहाण टाकलं, कोणाला कुळकायद्याने मिळालं, हे सगळं त्यात क्रमाने येतं. एका गावचे फेरफार ओळीने वाचत गेलं की ते गाव डोळ्यांपुढे उभं राहतं. साथीच्या वर्षात वारसांच्या नोंदी एकदम वाढतात. धरण आलं की एकाच मजकुराच्या नोंदींची रांग लागते. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी, एवढी धरणं या दोन तालुक्यांत आहेत. कितीतरी गावांचे मूळ गट आज पाण्याखाली आहेत आणि दप्तरात मात्र कोरडे आहेत. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी नातू येतो तेव्हा आजोबांचं शेत सापडतं ते इथेच.

मग आणेवारी. एका मिळकतीचे सोळा आणे, एका आण्याचे बारा पै. तीन भाऊ वारस लागले तर प्रत्येकाला पाच आणे चार पै. त्यातला एक वारला, त्याला चार मुलं, तर प्रत्येकी एक आणा चार पै. जमीन अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे असेल, तर त्या नातवाच्या वाट्याला सव्वाआठ गुंठ्यांच्या आसपास येतं. मावळात खाचरं आधीच लहान. खाली भाताचे दोन तुकडे, वर उतारावर नाचणी-वरईचं वरकस, आणि एका सातबाऱ्यावर नावं पंचवीस-तीस. त्यातली निम्मी मुंबईत. ही गणितं मी आधी उतरवून काढायची, नंतर करून बघायला लागले. कुठे बेरीज सोळा आण्यांना पोचत नाही, कुठे सोळा आण्यांच्या वर जाते. जिथे चुकते तिथे मागे जाऊन बघायचं, कोणाचं नाव गळलं, कोण दोनदा लागलं. एकरांचे हेक्टर-आर करताना काही नोंदींत गुंठाभराचा फरक पडलेला असतो, तोही असाच सापडतो. हे मला कोणी सांगितलेलं काम नव्हतं. पण यातला एखादा गुंता सुटला की त्या दिवशी घरी जाताना चेलाडी फाट्यावर एसटी अर्धा तास उशिरा आली तरी फारसं काही वाटायचं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नीरस असते ती कृती. गाठ सोडणं, पान शोधणं, शिक्का मारणं हे रोज तेच. मजकूर मात्र रोज नवा असतो. आपण मजकुराकडे बघायचं सोडून दिलं की हातात फक्त कृती उरते, आणि मग माणूस विटतो. पण एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तो माझा खासगी विरंगुळा ठरला असता. कचेरीत शब्दकोडं सोडवणं आणि हे, यात फरक काय? तो फरक एका बाईंमुळे कळला.

साठी उलटलेल्या बाई, माहेर वेल्ह्याकडचं, लग्नानंतर सगळा काळ मुंबईत. वडिलांच्या जमिनीवर भावांची नावं लागलेली, बहिणींचा पत्ता नाही. त्यांच्या हातात सातबाऱ्याची एक जुनी प्रत होती. हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असत. त्यातलं नेमकं हवं ते वर्तुळ घडीत फाटलेलं.

“मावशी, वडील कधी वारले?”

“पानशेत फुटलं ना, त्याच्या आदल्या साली. मी लहान होते, पण आई तसंच सांगायची.”

पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. म्हणजे 1960 च्या पुढचे फेरफार. त्या काळी माणूस वारला की नोंद लगेच होतेच असं नाही, म्हणून पुढची काही वर्षंही धरली. रुमाल काढून दोघी बसलो. नोंदवही मी वाचत होते आणि त्या समोरून माणसं ओळखत होत्या. “हा आमचा चुलता. हे शेजारचे. हे मुंबईला गिरणीत होते.” नोंद सापडली. वारस म्हणून मुलगे तर होतेच, पण त्याखाली लिहिणाऱ्याने तिन्ही मुलींची नावं घातली होती, आणि प्रत्येकीपुढे ती कुठे दिली आहे ते गाव, किंवा अविवाहित असल्यास तसं. पुढे सातबारा लिहिताना ती नावं गळाली, पण मूळ नोंदीत होती. बाईंनी आपल्या नावावर बोट ठेवलं. नाव माहेरचं, बाळपणीचं, घरात हाक मारायचे ते नव्हे, पाळण्यातलं. “हे नाव आता कोणालाच ठाऊक नाही,” म्हणाल्या. त्या नकलेवर पुढची कारवाई उभी राहिली. ती काही माझ्या हातची नव्हती, ती रीतसर झाली.

मला त्या दिवशी विचार पडला तो बाईंचा नव्हता, लिहिणाऱ्याचा होता. मुलींची नावं न घालता त्याला ‘वगैरे’ लिहून मोकळं होता आलं असतं. जुन्या दप्तरात असे ‘वगैरे’ पुष्कळ आहेत. ‘अमुक वगैरे चार’ असं लिहिलं की लिहिणाऱ्याची अर्धी ओळ वाचते आणि तीन माणसं कायमची नाहीशी होतात. या माणसाने ती अर्धी ओळ वाचवली नाही. सासरचं गाव तर त्याला कोणी विचारलंही नसेल. त्याला शाबासकी मिळाली नसणार, कोणी त्याचं नावही घेतलं नाही. नोंदीखाली नुसती सही आहे आणि ती लागत नाही. त्याला नेमका वाचणारा मिळाला तो चार दशकांहून अधिक काळाने, आणि ती वाचणारी त्याच्याच जातीची निघाली, एक कारकून.

भोरसारख्या ठिकाणी हा विचार दूरचा राहत नाही. हे संस्थान पंतसचिवांचं. अष्टप्रधानांत सचिवाचं म्हणजे सुरनिसाचं काम काय होतं, तर राजपत्रं तपासायची, अक्षर कमी-जास्त झालं असेल तर ते नीट करायचं, महालांचे हिशेब बघायचे. शिवाजी महाराजांच्या काळात ते अण्णाजी दत्तोंकडे होतं, राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांकडे आलं आणि त्यांच्याच घराण्याकडे पुढे भोर राहिलं. शंकराजींची समाधी इथून जवळ आंबवड्याला आहे. त्यांचं नाव किल्ले परत घेणारा मुत्सद्दी म्हणून घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण हुद्दा मूळचा कागद तपासणाऱ्याचा. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं आणि दप्तर महसूल खात्याकडे आलं. त्यात राजगड, प्रचंडगड, विचित्रगड हे तालुकेच आहेत. म्हणून 2024 मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला तेव्हा गावोगाव चर्चा झाल्या, पण जुने रुमाल हाताळणाऱ्यांना ते नाव ओळखीचं होतं.

आपण कोणाच्या मागे रांगेत उभे आहोत, हे सगळ्यात ठळक दिसलं ते 2023 च्या दिवाळीच्या सुमारास. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरमध्ये नेमली गेली होती, आणि नंतर मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं. प्रत्येक तालुक्यात जुनं दप्तर उघडलं. 1967 च्या आधीचं सगळं बघायचं होतं. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, ती बाहेर आली. शाळांची रजिस्टरं आली. मोडी वाचणारे बोलावले गेले. ज्या अभिलेख कक्षात वर्षभर कोणी डोकावत नाही तिथे टेबलं लागली, दिवे वाढवले, आणि रात्री उशिरापर्यंत बसणं सुरू झालं.

आरक्षणाचा वाद आपल्या जागी आहे. त्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी बघत होते ती पानं. कोतवाल बुकाचा कागद जाड, कडा तपकिरी, पान उलटताना तळहात खाली द्यावा लागतो, नाहीतर दुमडीवर तुटतं. डांबरगोळ्यांचा वास बोटांना दोन-दोन दिवस राहतो. एकाच गावची वही, पण मधेच हात बदललेला दिसतो. एका हाताची मोडी सलग, ओळ सरळ, प्रत्येक रकाना भरलेला, जात पूर्ण शब्दात. पुढच्या पानापासून दुसरा हात. जात नुसती ‘कु.’, बापाचं नाव कधी आहे कधी नाही, आणि खाली ओळीनेओळ ‘सदर’. मोडी वाचणारे गृहस्थ पहिल्या माणसाची पानं भराभर उलटत, दुसऱ्याच्या प्रत्येक नोंदीवर अडत. एकदा ते चष्मा पुसता पुसता म्हणाले, “हा माणूस कामाला विटला होता हो.”

आम्ही हसलो. पण खरंच, विटलेपणा इतका टिकाऊ असतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. तो लिहिणारा कधीच गेला, संस्थान गेलं, लिपी गेली, आणि त्याचा कंटाळा मात्र कागदावर शाबूत होता. एखाद्या कुटुंबाला त्याचा उपद्रव आज होत होता. तसाच पहिल्या माणसाचा नेटकेपणाही शाबूत होता आणि कोणाच्या तरी उपयोगी पडत होता. दोघांना पगार बहुधा सारखाच असेल. वरिष्ठांनी दोघांच्या वह्यांवर सारखीच तपासणीची सही केलेली होती.

माझ्या पुरता प्रश्न इथे सुटला. टेबलावरचं काम वरिष्ठासाठी केलं तर वरिष्ठ बदलतो. अर्जदारासाठी केलं तर तो कधी समाधानी असतो, कधी नसतो. स्वतःसाठी केलं तर मन रोज साथ देतंच असं नाही. पण ज्याला पुढे कधीतरी हे पान उघडावं लागणार आहे आणि ज्याला मला विचारायला येता येणार नाही, त्याच्यासाठी केलं तर मोजमाप स्थिर राहतं. त्याला हे कळेल का? एवढा एकच प्रश्न. या प्रश्नाचं उत्तर रोज संध्याकाळी देता येतं आणि त्यासाठी कोणाच्या शेऱ्याची वाट बघावी लागत नाही.

यातून काही सवयी लागल्या. टिपणी लिहिताना ‘मागील पत्रान्वये’ एवढंच न लिहिता पत्र कोणाचं, कधीचं आणि त्यात काय होतं ते लिहायचं. नावात काना-मात्रेचा फरक आढळला तर तो मुकाट सुधारायचा नाही, दोन्ही रूपं नोंदवायची. सहा गठ्ठे पद्धत आम्हाला सगळ्यांना शिकवलेली असते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायचं, नष्ट करायचं, असे सहा गठ्ठे. पूर्वी मला ती तपासणीच्या दिवशी दाखवायची गोष्ट वाटे. आता दिवस संपायच्या आधी टेबलावरचा प्रत्येक कागद यातल्या कुठल्या तरी गठ्ठ्यात जातो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाकडे बघून छाती दडपत नाही. कंटाळा म्हणून जे वाटतं त्यातलं बरंचसं न उरकलेल्या कामाचं ओझं असतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत दप्तर लावून घेतलं, आणि ती पद्धत ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर नावाजली गेली. त्यात नवं यंत्र नव्हतं. कोणता कागद कायम ठेवायचा ‘अ’ वर्गातला आणि कोणता वर्षाने फाडायचा ‘ड’ वर्गातला, हे ठरवून प्रत्येक कागद आपल्या जागी लावला, एवढंच. पण जिथे मागितलेला कागद पटकन सापडतो तिथे काम करणाऱ्याची मानही वर असते.

हे सगळं जमलं तरी रोजचा दिवस सोन्याचा होत नाही. जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवास. लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदा आल्यापासून मुदत पाळावी लागते आणि पाळलीही पाहिजे. तेव्हा वाचायला वेळ नसतो, फक्त उरकणं असतं. जुलैत तोरण्यावर ढग बसला की वीज जाते, वीज गेली की नेट जातं, आणि रांग तशीच उभी राहते. 31 जुलैला महसुली वर्ष संपतं, 1 ऑगस्टला महसूल दिन होतो, त्या आठवड्यात तक्ते, गोषवारे, पुन्हा तक्ते. अशा दिवसांत मी समाधान शोधत नाही. घरी जाते, जेवते, झोपते. कामावर रोज प्रेम वाटलंच पाहिजे हा हट्ट सोडल्यावर ते जास्त दिवस टिकलं. आणि पगार, बदली, रिकामी पदं यांचे प्रश्न मनाच्या समजुतीने सुटत नाहीत. ते संघटनेने मांडायचे आणि शासनाने सोडवायचे असतात. कारकुनाने कामात गोडी घ्यावी, म्हणून दोघांचं टेबल एकाने सांभाळावं, असा अर्थ कोणी काढू नये.

नवी मुलं म्हणतात, आता हे सगळं संगणकावर आहे, हस्ताक्षर कोण बघणार? खरं आहे. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळतो, फेरफार ऑनलाइन होतो, 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक पाहणी नोंदवतो. नकलेचे अर्जही पूर्वीइतके येत नाहीत, आणि एका सहीसाठी लोकांचे हेलपाटे वाचले याचा मला आनंदच आहे. पण संगणकातही कोणीतरी मजकूर भरतं. रकाने ठरलेले असतात, काही पर्याय यादीतून निवडायचे असतात, तरी वारसांची नावं, नाती, गावं, ‘मयत’ की ‘बेपत्ता’, अज्ञान मुलाचा पालक कोण, हे टंकणाराच ठरवतो. तिथेही ‘वगैरे’ लिहिता येतं. फरक एवढाच की पूर्वी निष्काळजी हात अक्षरावरून ओळखू यायचा. आता सगळ्या नोंदी एकाच टंकात सारख्याच सुबक दिसतात, आणि चूक नेटक्या कपड्यांत लपते. म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला पूर्वीपेक्षा कमी खुणा मिळणार आहेत. जबाबदारी वाढली आहे, कमी झालेली नाही.

म्हणून शाखेत नवं कोणी आलं की पहिल्या आठवड्यात मी त्यांना अर्ज देत नाही. एक जुनी फेरफार नोंदवही देते, एक गट निवडायला सांगते, आणि त्या गटाचा पहिल्या धारकापासून आजपर्यंतचा वंशवृक्ष कागदावर काढायला लावते, आण्या-पैंसकट. दोन दिवस कुरकुर होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन म्हणतं, “मॅडम, इथे एक माणूस कमी पडतोय.” तो सापडेपर्यंत मग कोणी चहालाही उठत नाही. सापडला की त्यांना ई-फेरफारचा लॉगिन देते आणि पहिली नोंद माझ्यासमोर भरायला सांगते.